मावशीची एनसी, पिरगळलेला हात आणि 'मुदत संपली' हे उत्तर : जाणकारांनी सांगावे

मुलुंडची भाची | रवि, ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज घरचंच दुखणं घेऊन आलेय. नावं-पत्ते लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

माझी सख्खी मावशी, वय ७४. काका जाऊन नऊ वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, तो काकांनी घेतलेला. एकच मुलगा. २०२२ साली "आई, नंतर कोर्टकचेऱ्या नकोत" म्हणत त्याने तिच्याकडून फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घेतलं. तोपर्यंत सगळं ठीक होतं असं आम्हाला वाटायचं. आमचंही लक्ष नव्हतं, खोटं कशाला बोलू.

काय काय झालं ते तारखेनिशी सांगते, कारण तारखांचाच घोळ आहे.

तिच्या पाटल्या, चार तोळ्यांच्या, आजीकडून आलेल्या. २०२१ च्या दिवाळीत मुलाने "लॉकरला ठेवतो" म्हणून नेल्या. २२ एप्रिल २०२३, अक्षय्य तृतीयेला माझ्या मुलीच्या साखरपुड्यासाठी तिने मागितल्या तेव्हा कळलं की त्या केव्हाच मोडल्या.

२५ मार्च २०२४, धुळवड. पेन्शनच्या पासबुकावरून भांडण झालं. मुलाने हात पिरगळून पासबुक काढून घेतलं. मावशी शेजारणीसोबत पोलीस ठाण्यात गेली, तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. कागद हातात आला, मुलाला बोलावून दम दिला, विषय संपला.

यंदा गणपतीत सगळे सासुरवाडीला कोकणात गेले. २६ ऑगस्टला बाहेरून कडी घालून कुलूप, १ सप्टेंबरला उघडलं. "तू बाहेर पडतेस नि रस्ता विसरतेस" हे कारण. ती काही विसरत नाही, मला अजून पाढे म्हणून दाखवते. त्या सहा दिवसांत शेजारच्या काकू सेफ्टी डोअरच्या जाळीतून पोळीची गुंडाळी करून आत सरकवायच्या. भाजी जाळीतून जाईना, म्हणून पोळीतच घालायच्या. आम्हाला हे कळलं ते सप्टेंबरच्या मध्यात. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

गुरुवारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. उत्तर मिळालं, "धुळवडीचं प्रकरण दीड वर्षापूर्वीचं आहे, एक वर्षाची मुदत असते, ती संपली. एनसी केलीच होती ना?" बाकीच्या गोष्टी ऐकूनही घेतल्या नाहीत. म्हातारीला मारलं तर त्यालाही एक्स्पायरी डेट असते का?

---

चहाबाज | रवि, ९ नोव्हें., ११:०५

वाचून हात थरथरले. जाळीतून पोळी! इथे वकील मंडळी आहेत, उद्या सकाळी उगवतील. तोवर त्या शेजारीण काकूंना साष्टांग नमस्कार सांगा.

---

निवृत्त अंमलदार | सोम, १० नोव्हें., सकाळी ६:२०

ताई, ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. माणूस येतो, म्हणतो हात पिरगळला. आम्ही बघतो, रक्त नाही, उघडी जखम नाही. साधी दुखापत, म्हणजे त्या वेळचं भादंवि (भारतीय दंड विधान) ३२३. ते अदखलपात्र, त्यात आम्ही परस्पर तपास करू शकत नाही, मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. म्हणून एनसी लिहायची, कागद द्यायचा आणि सांगायचं की कोर्टात जा. हे शेवटचं वाक्य कागदावर छापलेलंच असतं. ते कोणी वाचत नाही आणि आमचे लोक वाचून दाखवत नाहीत. दोष दोन्हीकडे आहे, पण आमचा जास्त.

एक विचारतो. ठाण्यातून मेडिकलची चिठ्ठी दिली होती का? सरकारी दवाखान्यात दाखवलं का? हाताचा फोटो काढला होता का? मला फोटो म्हणजे एक्स-रे म्हणायचंय.

---

काळा कोट | सोम, १० नोव्हें., दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

आधी एक मुळातली गोष्ट. आपल्याकडे 'ज्येष्ठांचा छळ' या नावाचा वेगळा गुन्हाच नाही. २००७ चा जो आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे तो चरितार्थासाठी आहे. त्यात शिक्षेचं म्हणावं असं कलम एकच, २४ वं : ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडायच्या हेतूने कुठेतरी टाकून देणं. शिक्षा ३ महिने किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गणपतीला गावी जाऊन परत आले म्हणजे 'कायमचं सोडलं' बसवणं कठीण. त्यामुळे बाकी सगळं नेहमीच्या फौजदारी कलमांत बसवावं लागतं, आणि प्रत्येक कलमाचं घड्याळ वेगळं.

हे घड्याळ पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये आहे. हिशोब तोच. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ६ महिने, १ वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला १ वर्ष, त्यावर ३ वर्षांपर्यंत कैद असेल तर ३ वर्षं. ३ वर्षांहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर मुदतच नाही. वय, नातं, म्हातारपण यांचा ह्यात कुठेही विचार नाही.

आता एनसी. लोकांचा समज असा की एनसी केली म्हणजे तारीख 'धरली'. तसं नाही. ५१४ खाली स्पष्टीकरण दिलंय, मोजायची तारीख दोनपैकी एक : मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद दाखल केली ती (कलम २२३), किंवा दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवली ती (कलम १७३, म्हणजे एफआयआर). एनसी १७४ मध्ये येते, ती यात नाही. कागद कपाटात राहिला आणि वर्ष निघून गेलं. म्हणजे ३२३ पुरतं ठाण्यातलं उत्तर चूक नाही. बाकीचं ऐकून घेतलं नाही हे मात्र साफ चूक.

आणि अंमलदारसाहेबांनी एक्स-रे विचारलाय, त्याचं उत्तर आधी द्या. सगळं त्यावर फिरू शकतं.

---

सॅन होजेकर | सोम, १० नोव्हें., रात्री ९:१५

इथली तुलना देतो, कुणाला हिणवायला नाही. कॅलिफोर्नियात दंडसंहितेचं कलम ३६८ खास याचसाठी आहे : ६५ वर्षांवरच्या व्यक्तीला मारहाण, मानसिक छळ, आर्थिक लुबाडणूक, कोंडून ठेवणं. मुदतही वेगळी लिहिलेली. ३६८ खालचा गुन्हा घडल्यापासून ५ वर्षं, चोरी-अपहाराचे प्रकार सोडून, त्यांचा हिशोब निराळा. शिवाय बँकेतल्या माणसाला संशय आला तर कळवणं बंधनकारक आहे.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचा अनुभव बघता, कायदा असूनही फोन कोणी उचलायचा हा प्रश्न इथेही तोच.

---

चहाबाज | सोम, १० नोव्हें., ९:३२

म्हणजे तिकडे म्हातारपणाला पाच वर्षं आणि इकडे पिरगळलेल्या हाताला एक. बरं आहे.

---

तिसऱ्या मजल्यावरची | मंगळ, ११ नोव्हें., सकाळी ११:१०

मी दुसरी बाजू लिहिते, शिव्या बसतील हे धरून.

आमच्याकडे सासऱ्यांनी २००७ च्या त्याच कायद्याखाली ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात अर्ज केला, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढा म्हणून. मुलगा म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा आधीच वेगळा राहायला गेला होता, आमचा घटस्फोटाचा दावा चालू होता. म्हणजे बाहेर जाणार कोण? मी आणि दोन मुलं. बापलेक संध्याकाळी एकत्र चहा प्यायचे आणि सकाळी एकमेकांविरुद्ध तारखेला उभे राहायचे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता खटल्यात सांगितलं की या कायद्याच्या झटपट कारवाईने सुनेचा घरगुती हिंसाचार कायद्याखालचा राहण्याचा हक्क मारता येत नाही. त्या निकालाने मी वाचले.

तुमच्या मावशीवर मी शंका घेत नाही. कुलूप घालणं हे कुलूप घालणंच आहे. पण तुम्ही लिहिलंय 'सगळे सासुरवाडीला गेले'. सुनेने कडी घातली का? माहीत नसेल तर तिचं नाव अर्जात घालू नका.

---

मुलुंडची भाची | मंगळ, ११ नोव्हें., दुपारी ३:००

@तिसऱ्या मजल्यावरची, शिव्या नाहीत. मावशीला विचारलं. ती म्हणाली, सून नातवाला घेऊन आदल्या रात्रीच निघाली होती, कुलूप मुलाने घातलं. सुनेने फोन केला होता, दोनदा. मला हे माहीत नव्हतं आणि मी मनात तिलाच धरून बसले होते.

एक्स-रेचं विचारलं तर मावशी गप्प बसली. मग म्हणाली, "सरकारी दवाखान्यात नाही गेले. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पट्टा दिला." काय पट्टा, काय निदान, काही आठवत नाही म्हणते. फाइल मुलाच्या घरी.

---

नाबाद ७८ | मंगळ, ११ नोव्हें., संध्या. ५:४५

सौ. भाची, मी स्वतः या रस्त्याने गेलो आहे. मुदत फक्त फौजदारीत असते असं समजू नका, मी दुसऱ्याच मुदतीत फसलो, ते लिहितो.

न्यायाधिकरणात वकील चालत नाही, २००७ च्या कायद्याचं कलम १७. (काही उच्च न्यायालयांनी याला धक्का दिलाय, पण मी माझा अर्ज स्वतः चालवला. पोस्टातली नोकरी कामाला आली, अर्ज लिहायची सवय होती.) समोरच्याला नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर एकदा ३० दिवस वाढवायचे. आमचं बरंच लांबलं. महिना जास्तीत जास्त १०,००० मिळू शकतात. ही रक्कम २००७ पासून तीच. २०१९ साली ती मर्यादा काढण्याचं विधेयक लोकसभेत आलं, कायदा झालाच नाही. मला ६,००० ठरले.

पहिले चार महिने पैसे आले. मग थांबले. मी म्हटलं, दिवाळी आहे, नातवाच्या शाळेची फी असेल, थांबू. थांबलो सात महिने. मग अर्ज केला तेव्हा कळलं की कलम ५ मध्ये ओळ आहे : थकलेल्या पैशासाठी वॉरंट हवं असेल तर ते देय झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. चार महिन्यांचे गेले. चोवीस हजार. रागावलो नाही, पण त्या रात्री मी पहिल्यांदा तो कायदा इंग्रजीत आणि मराठीत शेजारी ठेवून शेवटपर्यंत वाचला. बापाचं मन थांबायला सांगतं आणि कायदा थांबत नाही, एवढाच मला त्यातला धडा.

अपिलाची मुदत ६० दिवस, तीही लिहून ठेवा.

---

काळा कोट | मंगळ, ११ नोव्हें., रात्री १०:३०

नाबादांना नमस्कार. ही तीन महिन्यांची ओळ निम्म्या वकिलांनाही ठाऊक नसते.

भाचीताई, एकेक घेऊ.

पाटल्या. विश्वासाने दिल्या आणि मोडून खाल्ल्या, म्हणजे गुन्हेगारी विश्वासघात. भादंविच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत (कलम ३१६) त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्याला मुदत लागलीच नसती. पण गुन्हा घडला १ जुलै २०२४ च्या आधी, म्हणून जुनं भादंवि ४०६ लागणार आणि त्यात शिक्षा ३ वर्षांपर्यंत. म्हणजे मुदत ३ वर्षं. मागच्या गुन्ह्याला आजची जास्तीची शिक्षा लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम २०. दिलासा एवढाच की गुन्हा माहीतच नव्हता तर घड्याळ कळल्या दिवसापासून सुरू होतं (पूर्वीचं ४६९, आता ५१५) आणि तो पहिला दिवस मोजत नाहीत. अक्षय्य तृतीयेला कळलं, म्हणजे शेवट २२ एप्रिल २०२६. तुमच्या हातात पाच महिने आहेत. साखरपुड्याच्या दिवशी तिथे कोण कोण होतं, ती नावं आजच लिहून काढा. पावती, जुना फोटो, लग्नातला पाटल्या घातलेला फोटो, जे सापडेल ते.

कुलूप. सहा दिवस कोंडलं. न्याय संहिता १२७ मध्ये तीन किंवा अधिक दिवस कोंडण्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दहा दिवस झाले तर ५. म्हणजे २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत वेळ आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआर घ्यावीच लागेल. शेजारीण काकू हाच पुरावा. आणि हे लक्षात ठेवा की बाईला, मग ती साक्षीदार का असेना, जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

हात. हाड मोडलं असेल, नुसती चीर गेली असेल तरी, ती कायद्याने 'गंभीर दुखापत'. भादंवि ३२५, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. मग मुदतीचा प्रश्नच उरत नाही. आणि एकाच घटनेतले गुन्हे एकत्र चालले तर सगळ्यांची मुदत सर्वांत मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यावरून धरतात, म्हणजे मेलेलं ३२३ सुद्धा उठून बसेल.

फाइल शोधा. ती मिळाली नाही तर त्या डॉक्टरांकडे जा, एक्स-रे काढला असेल तर रजिस्टरमध्ये नोंद असते.

---

निवृत्त अंमलदार | बुध, १२ नोव्हें., सकाळी ६:०५

कोटसाहेबांनी कायदा सांगितला, मी पायरी सांगतो. ठाण्यात तोंडी जाऊ नका. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख, सही. 'घेत नाही' म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने आणि वर उपायुक्तांना. तरी नाही तर कोर्ट. अडचणीच्या वेळी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि जीवावर आलं तर थेट ११२.

दुसरं. घटना एका अर्जात कोंबू नका. पाटल्या वेगळ्या, कुलूप वेगळं, हात वेगळा. सगळं एकत्र लिहिलं की वाचणारा पहिल्या परिच्छेदाला 'कौटुंबिक वाद' म्हणतो आणि बाकीचं वाचत नाही. मीही हे केलंय.

---

मुलुंडची भाची | बुध, १२ नोव्हें., रात्री ११:५०

सापडला.

सुनेला फोन केला. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही, मग ती म्हणाली, "ताई, उद्या दुपारी मी खाली घेऊन येते." मुलुंड स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटली. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिला तीन गाठी. आत मावशीची बीपीची फाइल, तिच्या खाली पिवळं पाकीट आणि त्यात एक्स-रे. स्टेशनच्या ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला, मला काय कळणार! पण कोपऱ्यात नाव, वय आणि २६-०३-२०२४ छापलेलं. सोबत अर्ध्या पानाचा रिपोर्ट : उजव्या मनगटाच्या हाडाला हेअरलाइन फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर.

पट्टा नव्हता हो. प्लास्टर होतं. आणि ती तीन आठवडे आम्हाला फोनवर सांगत होती, "पाणी भरताना लचकलं."

---

चहाबाज | गुरु, १३ नोव्हें., ००:१०

त्या सुनेलाही साष्टांग नमस्कार.

---

तिसऱ्या मजल्यावरची | गुरु, १३ नोव्हें., सकाळी ८:००

तिचं नाव अर्जात नको, हे आता वेगळं सांगायला नको. तिला साक्षीला ओढायचं असेल तर आधी ती कुठे राहणार याचा विचार करा.

---

काळा कोट | गुरु, १३ नोव्हें., दुपारी २:०५

प्लेट वाकवू नका, उन्हात ठेवू नका. डॉक्टरांकडून रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत घ्या.

३२५ उभं राहतं. फक्त एक समजून घ्या. मुदत नाही याचा अर्थ उशिराचा प्रश्न विचारला जाणार नाही असा नाही. उलटतपासणीत पहिला सवाल तोच येईल, "दीड वर्ष गप्प का?" खरं उत्तर द्या. लाज, भीती, आसरा त्याच्याच घरात. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

३२५ नसतं आणि फक्त ३२३ वर अडलं असतं, तरी उशीर माफ करायची तरतूद आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१९ : उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज असेल तर. पण समोरच्याला ऐकल्याशिवाय ती माफी देता येत नाही, सुप्रीम कोर्टाचं तसं मत आहे.

फ्लॅटचं काय ठरलं? बक्षीसपत्राची प्रत वाचलीत का?

---

मुलुंडची भाची | रवि, १६ नोव्हें., संध्या. ७:२०

दुय्यम निबंधकांकडून काढलेली प्रत वाचली. अकरा पानं. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' हे तीनदा आहे. 'सांभाळ', 'औषधपाणी', 'हयातीपर्यंत राहण्याचा हक्क' यातलं एकही नाही. मावशीला विचारलं, सही करताना वाचलं होतंस का? "माझ्याच मुलाचं काय वाचायचं?"

---

काळा कोट | रवि, १६ नोव्हें., रात्री ९:४०

इथे वाट चढाची आहे. २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं सांगतं की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित खटल्यात म्हणालं, कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो सढळ अर्थाने वाचा, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं. पण त्या दुसऱ्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. तुमच्याकडे एखादं पत्र, व्हॉट्सॅपवरचा मेसेज, निबंधकांसमोर बोललेलं ऐकणारा साक्षीदार? शोधा.

सप्टेंबरमध्ये मुंबईच्याच एका ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुलाला घर सोडायला लावलं, तो निकाल सध्या सगळीकडे फिरतोय. तिथेही वाद तारखेचाच होता, मुलगा स्वतः साठीचा झाला म्हणून तोही 'ज्येष्ठ' म्हणे. कोर्ट म्हणालं, अर्जाच्या दिवशी तो साठचा नव्हता. पण तिथे घरं वडिलांच्या मालकीची होती. आपली नाहीत.

अवांतर : महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये. एवढं स्वस्त केल्यामुळे लोक मृत्युपत्राऐवजी हाच कागद करतात. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, हे नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगतो आणि प्रत्येक आई "आमच्याकडे तसं नाही" म्हणते.

मावशींसाठी आणखी एक दार उघडं आहे. घरगुती हिंसाचार कायदा, २००५. आई मुलाविरुद्ध अर्ज करू शकते : राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश. त्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागत नाही, २०२२ मध्ये कामाक्षी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. बाई म्हणून त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो, उत्पन्न न बघता.

---

नाबाद ७८ | सोम, १७ नोव्हें., सकाळी ७:३०

मुलुंड म्हणजे उपनगर जिल्हा. जिल्हाधिकारी कार्यालय बांद्रा पूर्वेला, चेतना कॉलेजजवळ. फोर्टच्या जुन्या जकात घरात जाऊ नका, ते शहर जिल्ह्याचं, मी पहिल्या दिवशी तिथेच गेलो होतो. अर्ज कोणत्या उपविभागात द्यायचा ते आधी विचारून घ्या. पाण्याची बाटली न्या.

---

मुलुंडची भाची | रवि, ३० नोव्हें., रात्री ९:००

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आले.

मावशीशी तीन रात्री बोललो. एक्स-रे टेबलावर होता. मी म्हटलं, याला मुदत नाही, एफआयआर करू. ती म्हणाली, "मुदत नाही ना? मग राहू दे पाकिटात." मी कोटसाहेबांचं 'दीड वर्ष गप्प का' वाचून दाखवलं. ऐकलं, मान हलवली, पण पाकीट कपाटात गेलं. हा निर्णय तिचा आहे. मला पटलेला नाही आणि मी तो मोडणारही नाही.

न्यायाधिकरणात चरितार्थाचा अर्ज दिला, सून वगळून. पाटल्यांचा अर्ज ठाण्यात लेखी दिला, प्रतीवर शिक्का घेतला. अंमलदारकाका, तुमच्यासारखेच एक पिकल्या मिशांचे गृहस्थ टेबलावर होते. अर्ज पूर्ण वाचला आणि चहा विचारला.

---

काळा कोट | रवि, ३० नोव्हें., ९:४५

छान. पण शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे. अर्जाने घड्याळ थांबत नाही. जानेवारीअखेर गुन्हा नोंदला गेला नाही तर उपायुक्तांना लिहा, फेब्रुवारीत मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद. एप्रिलवर ढकलू नका. कोंडण्याचं काय ठरलं?

---

मुलुंडची भाची | रवि, ३० नोव्हें., १०:१५

कोंडण्याचं तिने 'बघू' म्हटलंय. २०२८ आहे ना.

एप्रिलची काळजी नको. कालच २०२६ चं कालनिर्णय आणलं, तिने स्वतः पानं उलटून २२ तारखेला लाल पेनाने गोल केला. बुधवार येतोय. माझा गोल मोठा झाला असता बहुतेक, कारण ती म्हणाली, "त्या चौकोनात जागा ठेव, दुधाचा हिशोब कुठे लिहू?"